बाजारातून दुसऱ्याची गाडी

तुम्ही हसताल, पण मी एकदा तीर्थपुरीच्या आठवडी बाजारातून दुसऱ्याचीच मोटरसायकल घरी घेऊन आल्तो. तिथं काळ्या गाड्यांची रांगच असते, अन् जुन्या गाडीला कोणतीबी घासलेली चावी लागते. चावी फिरवली, गाडी सुरू झाली, आलो.

घरी बायको भाजीची पिशवी उतरवून घेताना म्हणाली, "अहो, ही गाडी कोणाची? आपल्या गाडीला आरसे कुठं हायेत?"

मालकानं पोलिसात कळवलं तर गावात तोंड कसं दाखवायचं? त्याच गाडीवर तसाच माघारी पळालो. बाजार उठत आल्ता. माझ्या गाडीवर टोपीवाले एक म्हातारे बाबा निवांत भजे खात बसले होते.

मी हात जोडले. "बाबा, तुमची गाडी मी चुकून नेली. माफ करा."

"कळलं मला. माझी चावीबी तुझ्या गाडीला बराबर लागली."

"मंग तुम्ही घरी का न्हाई गेले?"

"निघाल्तो की! चौकापर्यंत गेलो अन् ढकलत माघारी आणली. लेका, हिला ब्रेकच न्हाईत! भजे खा, मंग चल गॅरेजवर."

ब्रेक बसेपर्यंत बाबांनी मला हालू दिलं न्हाई. आता दर बाजाराला भेट होते. पण बाबा आधी माझ्या गाडीचा ब्रेक दाबून पाहतात, मंगच रामराम घेतात.