पण आई बसणार कशी?

सनरूफ! तुम्हाला सांगतो, सनरूफ हवं का म्हणून विचारलं त्या वेबसाइटने आमच्या दीपेशला... अहो, वसईच्या उन्हात माणूस सावली शोधत फिरतो, आणि हा काय जादा पैसे मोजून डोक्यावर ऊन घेणार? पण नाही, तसा रकानाच आहे तिथे! सनरूफ हवं की नको, त्याच्याखाली रंग, त्याच्याखाली मायलेज, मग गाडी धडकली तर सुरक्षिततेचे किती तारे, मग मोबाइलला हात न लावता गाणी कशी लावायची... दीपेश बिचारा बोटाने सरकवत सरकवत पार तळाला पोचला, आणि बायकोला, म्हणजे रचनाला म्हणाला, "सगळं दिलंय गं यांनी. पण आई बसणार कशी?"

आता तुम्ही म्हणाल, बसेल की, गाडीत माणूस बसतो तशी! तुम्ही भागूबाईंना ओळखत नाही म्हणून. दीपेशची आई हो, वसईतल्या आमच्या होळी गावातलं, आमच्या शेजारचंच घर. पंचाहत्तरी कधीच उलटली, दोन्ही गुडघे गेले, जीभ मात्र जागच्या जागी. सकाळी ओट्यावरच्या बाकावर बसून मेथीच्या जुड्या बांधतात आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला कुठं निघालास म्हणून विचारतात. मुलगा पतसंस्थेत नोकरीला, सकाळ-संध्याकाळ वाडीत भाजी. आणि दारात ती व्हॅन. सरकत्या दाराची, दीपेशच्या वडिलांनी, म्हणजे धर्माकाकांनी हौसेने घेतलेली. काका गेले, व्हॅन राहिली... पण राहिली म्हणजे काय राहिली? पुलाच्या चढावर बंद पडायची! पाठीमागे हॉर्नचा नुसता गोंधळ, आणि दीपेश खाली उतरून एका हाताने स्टिअरिंग धरून ढकलतोय. फरशीला हे एवढं भोक, मागे बसलेल्याला खालचा रस्ता दिसायचा, भागूबाईंची मैत्रीण इनेझ मावशी तर म्हणायची, "भागू, रस्ता कुठवर झालाय ते मला तुझ्या गाडीत बसूनच समजतं."

तर गाडी बदलायची हे ठरलं. तोवर दीपेशला वेबसाइट म्हणजे लाइट बिल भरायची जागा, एवढंच ठाऊक. रचनाने एकेक दाखवायला सुरुवात केली. एक वेबसाइट जुन्या गाडीला किती येतील ते घरबसल्या सांगते, दुसरी दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून तुलना करून देते, तिसरीवर गाड्यांचे मालक एकमेकांपाशी रडगाणं गातात, आणि एकीवर तर बटण दाबलं की शोरूमवाला गाडी घेऊन दारात हजर! खरं सांगतो, सोय आहे हो. पूर्वी गाडी घ्यायची म्हणजे ओळखीचा मेकॅनिक, त्याचा मेहुणा, मेहुण्याचा मित्र, आणि प्रत्येकाला चहा. दीपेश अगदी हरखून गेला. जेवताना तुलना, वाडीत पाणी सोडताना तुलना, ऑफिसात साहेब बोलत असताना टेबलाखाली तुलना. आणि प्रत्येक वेळी शेवटी तेच... सगळं खरं, पण आई बसणार कशी?

हसू नका. त्याच्या मागे गोष्ट आहे. दिवाळीनंतर आगाशीला एक लग्न होतं. व्हॅन नेमकी गॅरेजला. भागूबाईंच्या भाच्याने आपली उंच जीप आणली आणि म्हाताऱ्या मावशीला दोन्ही काखांत हात घालून वर चढवली. प्रेमानेच हो! पण अख्खं वऱ्हाड बघत होतं, पदर घसरला, कुणीतरी फिदीफिदी हसलं, कुणीतरी मोबाइल धरला. भागूबाई लग्नात जेवल्या नाहीत. घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "पोत्यासारी उचलली मना. आता कोनी हात लावायचा नाय." तेव्हापासून व्हॅन असेल तर जायचं, नाहीतर नाही. देवीला व्हॅन, डोळ्यांच्या डॉक्टरकडे व्हॅन, बहिणीकडे व्हॅन. व्हॅनमध्ये त्या आपल्या आपण चढायच्या, कुणाचं बोटही लागायचं नाही. म्हणजे आता व्हॅन गेली आणि नव्या गाडीत चढता नाही आलं, तर ही बाई उरलेलं आयुष्य त्या ओट्यावरच काढणार! दीपेशला हे पक्कं ठाऊक होतं आणि त्याला ते सहन होत नव्हतं. वेबसाइटला याचं काय? तिच्याकडे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर ते आहे, डिकीत बॅगा किती मावतात ते आहे... म्हातारीच्या गुडघ्यांचा रकाना कुठाय?

शेवटी त्या रडगाण्याच्या वेबसाइटवर यानेच विचारलं. कुणीतरी सज्जनाने लिहिलं, "आई ज्या खुर्चीवरून न धरता उठते, तिची उंची मोजा आणि तेवढ्याच उंचीची सीट शोधा." झालं! दीपेशने जुड्या बांधायची सुतळी घेतली, ओट्यावरच्या बाकाची उंची मोजली, गाठ मारली आणि सुतळी खिशात. मग काय विचारता... जिथे गाडी दिसेल तिथे हा वाकलाच! विरारला मित्राच्या सोसायटीत गेला, तिथे पार्किंगमध्ये एकेका गाडीला दार उघडं असेल तर आतून, नसेल तर काचेतून अंदाजाने सुतळी लावतोय. वॉचमन धावत आला, "ओ भाईसाब, गाडी को धागा काहे बांध रहे हो?" वरून गॅलरीतून एक बाई ओरडली, "अहो, खाली या लवकर! आपल्या गाडीवर कुणीतरी करणी करतंय!" हा हात जोडून सांगतोय, "करणी नाही हो ताई, आई बसणार कशी ते बघतोय..." आता यावर कोण विश्वास ठेवणार? मित्राने सोडवून आणला.

पण सुतळीत बसणारी गाडी सापडली! छोटी, ठेंगणी, गोंडस. बटण दाबलं, आणि रविवारी शोरूमचा हर्षवर्धन गाडी घेऊन होळीत दाखल. टाय लावलेला पोरगा, "नमस्कार सर, आजींसाठी अगदी परफेक्ट चॉइस!" दीपेश खुशीत. गाडी नेहमीच्या जागी, ओट्याला चिकटून उभी केली. भागूबाई लुगडं सावरत ओट्याच्या कडेला आल्या, आणि थांबल्या. खाली बघितलं. गाडीचं छप्पर त्यांच्या छातीला लागत होतं.

"दीपेश," त्या म्हणाल्या, "ही गाडी हाय का विहीर?"

हर्षवर्धन म्हणाला, "आजी, तुम्ही खाली उतरून या ना, जमिनीवरून बसायला एकदम सोपी आहे."

"जमिनीवरशी? जमिनीवरशी मी कवा बसल्ये रं?"

आणि दीपेशच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला! होळीत पावसाळ्यात पाणी भरतं, म्हणून धर्माकाकांनी ओटा उंच बांधलेला. त्या ओट्यावरून व्हॅनची फरशी सरळ समोर. भागूबाई गाडीत चढतच नव्हत्या, या खोलीतून त्या खोलीत जावं तशा चालत जायच्या! देवळाशी गेलं की, "हितं नको, पायरीशी घे." दवाखान्यात गेलं की, "पुढं घे, त्या कट्ट्याशी." आणि दीपेश इतकी वर्षं चिडायचा, की हिचे गाडी उभी करण्याचे नखरे किती! तो पुढे स्टिअरिंगवर, त्या मागच्या दाराने. आई आत कशी येते हे त्याने कधी वळून बघितलंच नव्हतं. हॉर्न तेवढा वाजवायचा, चल लवकर म्हणून. त्याला इतकी लाज वाटली की त्या हर्षवर्धनसमोरच त्याचे डोळे भरून आले. पोरगा घाबरला. म्हणाला, "सर, ईएमआय कमी करता येईल."

मग सुतळी उलटी. आता बाकाची नाही, जमिनीपासून ओट्याची उंची मोजली आणि तेवढ्या उंच फरशीची गाडी शोधायला सुरुवात. आणि जी उंच गाडी दीपेशला पहिल्या दिवशी आवडली होती, आणि आईसाठी म्हणून त्याने मन मारून बाजूला काढली होती, तीच नेमकी बसली! तीच घेतली. जुन्या व्हॅनचे फोटो दुसऱ्या वेबसाइटवर टाकले, लपवायला नको म्हणून भोकाचाही टाकला, तर पाचूबंदरची कॅथरिन नावाची मासे विकणारी बाई भोक बघूनच खूश! म्हणाली, "बरा झाला, म्हावऱ्याचा पानी आपोआप खाली जाईल."

नवी गाडी आली त्या दिवशी आम्ही सगळे अंगणात. दीपेशने ओट्याला लावली, या वेळी स्वतः उतरून मागे आला, दार उघडलं आणि नकळत हात पुढे केला. भागूबाईंनी तो हात चापटीने बाजूला सारला. दाराची मूठ धरली, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि बसल्या. एवढंच. पण तुम्हाला सांगतो, रचनाने नारळ फोडायचा सोडून डोळे पुसले.

आता म्हणाल, संपलं, छान झालं! कुठलं संपलं? अहो, या गाडीला एसी आहे! आणि ओट्यावरून सरळ आत जाता येतं. दुपारचं जेवण झालं की भागूबाई बाकावरून उठतात आणि गाडीत जाऊन बसतात. पाठोपाठ इनेझ मावशी. मग शेंगा सोलणं, मेथी निवडणं, गावभरच्या गप्पा... रचना मध्ये चहा नेऊन देते. गाडी सुरू, जागेवरच! सुट्टीच्या दिवशी दीपेश किल्ली मागायला जातो तर आतून काच अर्धी खाली होते, "आमी बोलतोय ना, दिसत नाय?" आणि काच वर. हा आपला ऑफिसला, बाजारात, सगळीकडे जुन्या स्कूटरवर.

परवा त्या वेबसाइटचा मेसेज आला. नव्या गाडीचा अनुभव कसा आहे, इतर ग्राहकांसाठी चार शब्द लिहा. दीपेश हेल्मेट काखेत धरून अंगणात उभा राहिला, काचेआडच्या त्या दोन म्हाताऱ्यांकडे त्याने बघितलं आणि लिहिलं, "गाडी उत्तम असावी. चालवायला अजून मिळालेली नाही. आई बसलीय."