शब्दामागची मोकळी जागा

हॅलो? … हां ताई, बोल. … झोपले नव्हते गं, काम चालू आहे. कपाटात बसलेय. … हसतेस काय? चारी बाजूंनी रजया लावल्यात, म्हणजे आवाज घुमत नाही. घामाच्या नुसत्या धारा लागल्यात.

आई कशी आहे? … तशीच म्हणजे? जेवली? … डावीकडून भरव हं, उजव्या गालात घास साठतो तिच्या. …

हो, हो… आहे लक्षात. संध्याकाळपर्यंत सांगायचं. वृद्धाश्रमात जागा धरून ठेवा असं मी भाऊजींना सांगितलं नव्हतं. … अगं ऐक ना. … 'तिला काही कळत नाही' हे तुझं आणि डॉक्टरांचं म्हणणं. माझ्याकडे असताना तर ती… बरं. बरं बाई, नाही भांडत.

आधी एक ऐकशील? हसणार नसशील तर सांगते. …

ते इंग्लिश शिकवणाऱ्या ॲपचं काम घेतलंय ना मी? शब्द म्हणायचा, अर्थ सांगायचा, कुठून आला ते सांगायचं, परत शब्द म्हणायचा आणि गप्प बसायचं. … अगं, शिकणाऱ्याने मागून म्हणायला मोकळी जागा सोडायची. तेवढा वेळ मी श्वाससुद्धा रोखून धरते. … या आठवड्यात शेवटी 'सम' लागणारी विशेषणं आहेत. लोन्सम, ग्रूसम, हॅण्डसम… हो, तुझ्या नवऱ्याला कोणी म्हणत नाही तोच! … पण गंमत माहितीये? हॅण्डसम म्हणजे आधी देखणा नव्हताच मुळी. हाताळायला सोपा, वापरायला सोयीचा, एवढाच अर्थ होता. … हां, मग बसतात भाऊजी त्यात. तू म्हणशील तिकडे वळतात.

तर मी पाठवलेलं ऐकून काल ॲपच्या रेकॉर्डिस्टचा फोन. म्हणाला, मॅडम, मोकळ्या जागेत कोण बोलतंय? … मलाही तेच वाटलं, शेजारचा टीव्ही. पण खिडक्या बंद होत्या. घरात मी एकटी. … त्याने तुकडा पाठवला, मी हेडफोन लावून ऐकला. मी म्हणते 'लोन्सम', आणि मागून, अगदी हळू… तेच. … नाही गं, माझाच आवाज परत कसा येईल? तो जाड आहे माझ्यापेक्षा. आणि अडखळतोय. 'लोन…' म्हणून थांबतो, मग 'सम'.

लोन्सम? एकटेपणाने भरलेला. ते 'सम' फार जुन्या इंग्लिशमधलं आहे. ज्याला लागेल त्याची खोड असलेला, त्याने भरलेला. क्वॉरलसम म्हणजे भांडकुदळ. … तुला नाही म्हणाले! …

घाबरले म्हणजे काय, हेडफोन काढून फेकलाच! मग परत लावला. 'ग्रू' म्हणजे शहारणं, त्यावरून ग्रूसम. ते सांगताना माझ्याच अंगावर काटा, आणि मागून तो आवाज म्हणतोय 'ग्रूसम', चांगला चवीने. शब्द आवडल्यासारखा.

कोणाचा काय विचारतेस? आपण इंग्लिशचे शब्द पाठ करायचो, तेव्हा शिवणयंत्रामागून मागोमाग कोण पुटपुटायचं? … हो. … हो ताई. आईचा.

नाही, वेड नाही लागलं मला. … माहितीये गं, ती तुझ्याकडे आहे! रविवारी तिची खुर्ची गाडीपर्यंत मीच ढकलली. ही रेकॉर्डिंगं त्यानंतरची आहेत. … जुना आवाज कसा असेल? विन्सम हा शब्द कधी ऐकला होता तिने? मलाच माहीत नव्हता. … लाघवी. त्यातल्या 'विन'चा मूळ अर्थ आनंद, जिंकण्याशी संबंध नाही. … पहिल्यांदा जमलाच नाही तिला. आज सकाळी स्वच्छ म्हणाली.

बरं, असं कर. फोन तिच्या कानाला लाव. … लाव ना! काहीच झालं नाही तर वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही करते, भाऊजी म्हणतील तिथे. … अगदी नक्की. तू तिच्या तोंडाकडे बघत राहा. … लावलास? …

आई, मी आहे. ऐक हं, नवीन शब्द. होलसम. होल म्हणजे अख्खं, धडधाकट. जे खाल्ल्याने, ऐकल्याने माणूस अख्खं राहतं, ते होलसम. म्हण. होलसम.

…

…

ताई? … हलले ओठ? … काहीच नाही? डोळे? … नुसते उघडे. … पापणीसुद्धा नाही? …

रडत नाहीये मी. थांब जरा. … तू काही बोललीस आत्ता? … भाऊजी? … मग… अगं, मी ऐकलं. … फोनमधून नाही. दुसऱ्या कानाने. इथल्या, तिच्या खोलीतून.

थांब, कपाटातून बाहेर तर येऊ दे. … पलंग रिकामाच आहे. चादर मीच धुवायला काढली होती. … पण उशी दबलीये, ताई. मधोमध. … छे, हात कशाला लावू! … ऐक! ऐकलंस? परत म्हणाली. होलसम. … तुला नाही आलं ऐकू?

रागावू नकोस. तुझं बरोबर होतं. तिथे जी बसलीये तिला काही कळत नसणार. तू आईला नेलंच नाहीस गं. तिचं अंग तेवढं घेऊन गेलीस. …

सही? नाही करणार. … दिला होता शब्द, मोडला. भाऊजींना गाडी काढायला सांग. आत्ता. आणि वाटेत तिला डोळे मिटू देऊ नकोस. … मला तरी काय माहीत का! भीती वाटते म्हणून सांगते. …

काय? … ओठ हलताहेत? आत्ता? … पण मी कुठे नवीन शब्द दिला तिला? … आवाज नाही? नुसते ओठ? …

ताई, ती इथे बोलतेय. … इंग्लिश नाही. … गप्प राहा, भाऊजींनाही गप्प कर. तू ओठ बघ, मी ऐकून सांगते. सावकाश. 'म… ला…' … जुळतंय? … 'घ… री…' … जुळतंय ना? … 'ने.' …

ताई? … अगं, रडायचं नंतर. किल्ली घे. … हो, मी दिवा लावून तिच्याजवळ बसते. ठेव फोन… ठेव!