मुरलीअण्णांची ओंजळ

मंडळी, सावरून बसा. मागे ज्यांचं बोलणं चाललंय त्यांनी ते संपवून घ्या, मी थांबतो. मला घाई नाही. — झालं? बरं.

आज दत्ताच्या पायाशी उभा राहून एकच प्रश्न विचारतो. माणसाला गोड सोडणं अवघड, की गोड देणारा हात सोडणं अवघड? थांबा! खांबाला टेकलेल्या काकांनी तोंड उघडलं. मिटा काका, उत्तर शेवटी. आधी आख्यान ऐका. पुराणातलं नाही हो. या मंदिरापासून चौथ्या घरातलं.

मुरलीधर पोरे. शिंपी. तुमच्यातल्या निम्म्यांचे सदरे त्यांच्याच हातचे. परगावच्या पाहुण्यांसाठी सांगतो, साठी उलटलेला माणूस, सडसडीत, गळ्यात बारा महिने टेप. इंदूवहिनी चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगी नाशिकला सासरी. घरात एक शिलाईचं मशीन आणि अण्णा. मशीन थांबलं की घरात दुसरा आवाज नाही.

गेल्या वर्षी अण्णांची विजार ढिली झाली. शिंपीच तो! कंबर आत घेतली आणि विषय संपवला. महिन्याभरात परत ढिली. परत आत घेतली. तहान तर अशी, की मशीनशेजारी तेलाच्या डब्याएवढी कळशी. तिसऱ्यांदा विजार उसवायला घेतली तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की चूक कापडाची नाही. दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "पोरेकाका, साखर आहे. बरीच आहे. गोळी देते, पण खाणं बदलावं लागेल."

आता बघा हं, शिंप्याचं पथ्य कसं असतं. बाईंनी सांगितलं, भाकरी एकच, तीही लहान. अण्णांनी विचारलं, "लहान म्हणजे किती इंच?" बाई हसल्या. म्हणाल्या, "सहा धरा." त्या दिवसापासून हा माणूस तव्यावरून उतरलेली भाकरी टेपनं मोजायला लागला. हसू नका, खरंच! सव्वासहा भरली तर कड मोडून चिमण्यांना. चहा बिनसाखरेचा. भात बंद. बटाटा बंद. मुगाची आमटी, पालेभाजी, काकडी. सकाळी ओढ्यापर्यंत चालणं. आपल्यासारखं नाही, सोमवारी पथ्य आणि मंगळवारी श्रीखंड.

तीन महिन्यांनी परत तपासलं. साखर होती तिथंच.

बाई वैतागल्या. "काका, काय खाता ते आठ दिवस लिहून आणा." अण्णांनी मापांच्या वहीत लिहिलं. आठ दिवस, तिन्ही वेळा, इंचासकट. कुठं गोडाचं नाव नाही. बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. गुरुवार, संध्याकाळ, भजन. जेवण नाही.

"गुरुवारी उपाशी राहता?"

"छे हो. प्रसाद असतो ना."

"काय असतो?"

"शिरा असतो. लाडू असतो."

"किती?"

अण्णांनी दोन्ही हात जोडून ओंजळ करून दाखवली. भरलेली.

"आणि हे वहीत का नाही लिहिलं?"

अण्णा गोंधळले. म्हणाले, "बाई, प्रसाद खाण्यात धरायचा असतो?"

मंडळी, ही चूक फक्त आपल्या गावातला माणूस करू शकतो. आपली रीतच आहे. गुरुवारचं भजन पाळीनं घरोघरी. प्रसादाला नाही म्हणायचं नाही, आणि ओंजळीत पडला तो तिथंच संपवायचा. गुरुवारी भजन, सोमवारी शंकराच्या देवळात पेढा, शिवाय कुणाची सत्यनारायणाची पूजा, कुणाचं बारसं. अण्णा कुठं चुकत नव्हते. टाळ वाजवायचे, ओंजळ पुढे करायचे, खायचे, घरी यायचे.

बाईंनी स्पष्ट सांगितलं, "हे बंद करा. नाहीतर डोळ्यांवर जाईल."

डोळे गेले तर सुईत दोरा कोण ओवणार? अण्णांनी मान डोलावली.

पुढचा गुरुवार सुलभावहिनींच्या घरी होता. वहिनी, तुम्ही समोरच बसलाय, मी काही पदरचं सांगत नाही. आरती झाली, तुम्ही शिऱ्याचं पातेलं घेऊन आलात. अण्णांनी हात मागे घेतले. "मला नको वहिनी."  तुमचा चेहरा उतरला. "का हो? माझ्या हातचं चालत नाही?"

आणि तेव्हा एक शहाणा बोलला. मोठ्यानं बोलला. "काय अण्णा, आता देवाला नैवेद्य दाखवायचा तोही डॉक्टरला विचारून?"

सगळे हसले. अगदी पोट धरून हसले. अण्णांनी खाली मान घालून ओंजळ पुढे केली, शिरा खाल्ला, चपला घातल्या आणि गेले.

तो शहाणा कोण होता? हाच. तुमच्यापुढे चिपळ्या घेऊन उभा आहे हा! मला टाळी मिळाली होती. मी खुशीत होतो.

पुढच्या गुरुवारी अण्णा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आपण काय केलं? तबलजी म्हणाले, टाळ कमी पडतोय. दुसरा माणूस टाळाला बसवला. संपलं. कुणी म्हणालं, त्यांना बोलावून द्यायचं तरी काय? सहा महिने झाले मंडळी. चौथं घर. कुणी गेलं नाही. मीही नाही.

मी गेलो तो गेल्या महिन्यात, आणि तोही माझ्या कामासाठी. नवा अंगरखा शिवायचा होता. अण्णांनी वही काढली, माझं जुनं माप बघितलं, टेप पोटाभोवती फिरवली. परत फिरवली.

"बुवा, बेचाळीस होतं. एकोणचाळीस भरतंय."

मी फुशारलो. म्हटलं, "देवाची कृपा."

अण्णा हसले नाहीत. "पाणी फार लागतं का? लघवीला उठावं लागतं का?"

मी मान डोलावली. दोन्ही होतं.

"माझंही माप असंच उतरलं होतं," ते म्हणाले. "उद्याच रक्त तपासा."

तपासलं. साखर. भरपूर.

रिपोर्ट घेऊन मी घरी गेलो नाही. तडक चौथ्या घरी गेलो. का, ते तेव्हा कळलं नाही, आता कळतं. ज्याला मी हसलो होतो, त्याच्याशिवाय मला कुणी समजून घेणार नव्हतं. वाटलं, आता हा मला दोन शब्द सुनावेल, आणि मी ऐकून घेईन. अण्णांनी कागद वाचला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि विचारलं, "जेवलात?"

त्यांनी दुसरं ताट काढलं. ताटावर धूळ होती हो. धुतलं, पुसलं. माझ्यासाठी भाकरी थापली, मोजली. सहा इंच. आम्ही दोघं जेवायला बसलो.

मी विचारलं, "अण्णा, भजनाला का येत नाही? प्रसाद घेऊ नका, पण या."

त्यांनी माझ्या वाटीत आमटी वाढली. मग म्हणाले, "बुवा, शिऱ्याचं मला काही नाही. पण इंदू गेल्यापासून माझ्या हातावर कुणी काही ठेवत नाही. आठवड्यातून एकदा कुणीतरी समोर यायचं, ‘घ्या अण्णा’ म्हणायचं. तेवढ्यासाठी यायचो. तेच नको म्हणायचं, तर येऊन रांगेत कशासाठी बसू?"



मिळालं उत्तर? काका, आता बोला. हात म्हणताय ना? मीही तेच म्हणतो. तुमच्या घरात कुणीतरी असेल, सासरा असेल, आई असेल, पथ्याची वाटी घेऊन कोपऱ्यात एकटी जेवणारी. तिला तुम्ही साखर देत नाही, बरोबर करता. पण तिच्या ताटाशी बसता का?

आता आरती. शिऱ्याचा वास इथपर्यंत येतोय, माझ्या तोंडाला पाणी सुटलंय, खोटं कशाला बोलू! मी ओंजळ पुढे करीन. सुलभावहिनी, मला शिरा घालू नका, आणि मला वगळून पुढेही जाऊ नका. नैवेद्यावरचं तुळशीचं एक पान माझ्या हातावर ठेवा आणि ‘घ्या बुवा’ म्हणा. माझा प्रसाद पोचला.

पण आधी एक काम. देवळावरचा हा कर्णा चौथ्या घरापर्यंत ऐकू जातो. संध्याकाळपासून तिकडं मशीन चालू होतं, तबलजी, तुम्हीही ऐकलंत. आता थांबलंय.

अण्णा, ऐकताय ना? त्या दिवशी मी चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांतच माफी मागतो. चुकलो. टाळ घेऊन या. तुळशीची दोन पानं ठेवलीत.

उठा मंडळी. दाराशी वाट मोकळी करा. निरांजन पेटवा, पण आरती म्हणायला कुणी सुरुवात करू नका. आपला एक टाळकरी यायचाय.