उघडा चोक आणि अनवाणी सून

...आणि वर मलाच विचारतात हो, "सूनबाई, झाडांना पाणी घालताना मधेच हात का झटकतेस? झारीतलं पाणी सांडतं!" का झटकते! शॉक लागतो म्हणून झटकते! हौस आहे का मला हात झटकायची? पण मी बोलले का? नाही बोलले. नवी सून ना मी! नव्या सुनेनं "हो", "वाढू का?" आणि "अजून थोडं घ्या ना" एवढंच बोलायचं असतं. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही काही आमच्या नात्यातले नाही, आणि असलात तर कृपा करून आत्ताच उठा.

झालं काय, की आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चिंतामणरावांना, झाडांचा नाद. असू दे की! कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला रेसचा असतो. पण झाडांना ऊन लागतं की नाही? आणि आमचं घर ठाकुरद्वारच्या अशा गल्लीत, की मधल्या खोलीत भर दुपारी सुई ओवायची तर दिवा लावावा लागतो. तिथे ऊन यायचं तर सूर्याला समोरच्या वाण्याची परवानगी काढून यावं लागेल! त्यात खोताच्या वाडीतल्या रूपर्टसाहेबांनी भायखळ्याच्या फुलांच्या प्रदर्शनात फर्नचं बक्षीस मारलं. झालं! मामंजींचं जेवण गेलं. आणि कुठल्याशा अमेरिकन मासिकात त्यांनी वाचलं, की तिकडे लोक तळघरात ट्यूबलाईट लावून त्याखाली झाडं वाढवतात. "तळघरात वाढतात, मग मधल्या खोलीत का नाही वाढणार? आँ?"

आता ट्यूबलाईट म्हटली की चोक आला. चोक म्हणजे तो लोखंडाचा ठोकळा हो, आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, ट्यूबमधून जाणारी वीज आवरून धरतो तो. शहाण्या माणसांच्या घरी त्याच्यावर पत्र्याचं झाकण असतं. आमचे चोक चोरबाजारातले. उघडे! दुसरा शब्द तोंडात येत होता, पण नवी सून ना मी. आणि हे उघडे चोक मामंजींनी बसवले कुठे? लोखंडी रॅकला. थेट. कुंड्यांच्या शेजारी. जिथे मी रोज सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी घालते तिथे! तारांचे सांधे पीळ देऊन जोडलेले, आणि वरून चिकटपट्टीऐवजी काय गुंडाळलं असेल, सांगा पाहू? सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची चिंधी! अहो, बोट कापल्यावर बांधतात तशी! मी इंटर सायन्स झालेय. मला बघायला आले तेव्हा विचारलंन, "शिक्षण?" म्हटलं, "इंटर सायन्स." "वा वा. भरतकाम येतं का?" तेव्हाच ओळखायला हवं होतं...

तर पहिल्या दिवशी रॅकला हात लावला आणि कोपरापर्यंत अशी कळ गेली, की हातातला चुडा किणकिणला. मी मामंजींना म्हटलं, अगदी हळू, पदर सावरून, "मामंजी, रॅकला करंट येतोय वाटतं." मामंजी आले. खट्, खट्, खट्. घरात त्यांच्या पायात कायम खडावा, दोन खोल्या पलीकडून ऐकू येतात. आले, आणि अख्खा पंजा रॅकवर ठेवलान! "कुठाय करंट? हे बघ! दोन्ही हात! कुठाय?"

अहो, लाकडाच्या खडावांवर उभं राहून हात लावल्यावर कुठून असणार? अंगातून जमिनीत जायला विजेला वाट तर हवी ना? मग "हे" आले. आमचे हे. ह्यांच्या पायात रबरी तळव्याच्या सपाता. ह्यांनीही हात लावला. "काहीच नाही गं!" आणि मी? मी अनवाणी! वडीलधाऱ्यांपुढे नव्या सुनेनं पायात काही घालायचं नाही, ही ह्या घरची रीत. खाली शहाबादी फरशी, ती झाडांच्या पाण्यानं कायम ओली, पायांत चांदीची जोडवी, हातात सोन्याच्या पाटल्या... विजेला आणखी काय हवं हो? पायघड्या? पण मी बोलले का? नाही बोलले. म्हणजे बोलायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "नाजूक आहे हो पोर."

त्या स्वतः त्या रॅकला बोटही लावत नाहीत. म्हणतात, "त्या झाडांना मी पाणी घालू? माझ्या सवती आहेत त्या!"

बरं, रात्री... नाही, रात्रीही नाही, हे घरी असतात कुठे! आज कामगार मैदान, उद्या शिवाजी पार्क, घसा बसेपर्यंत "झालाच पाहिजे!"च्या घोषणा. चांगलं आहे, माझं काही म्हणणं नाही, मुंबई आपलीच आहे. पण मी विचारते, हा माणूस भर रस्त्यात पोलिसाच्या लाठीपुढे छाती काढून उभा राहतो, आणि घरात वडिलांपुढे "अर्थिंग" एवढा एक शब्द काढत नाही? मी म्हटलं, "अहो, नुसती त्या रॅकला अर्थची, वीज जमिनीत उतरवणारी तार जोडायला सांगा ना मामंजींना." तर म्हणतात कसे, "बाहेर एवढं आंदोलन पेटलंय, निदान घरात तरी शांतता राहू दे." शांतता! शॉक मला, शांतता ह्यांना!

आणि पुढे ऐका. मला शॉक लागून भिंतीला टेकून बसलेलं शेजारच्या राधाबाईंनी पाहिलं. "काय गं, काय होतंय?" म्हटलं, "हाताला झिणझिण्या आल्या." "आणि?" "आणि जरा गरगरलं." राधाबाईंचे डोळे असे मोठे झाले. "सकाळी?" "हो, सकाळी. पाणी घालताना." "अग्गो बाई!" करून त्या ज्या धावल्या, त्या थेट सासूबाईंकडे! "दुर्गाबाई, तोंड गोड करा!"

आता काय सांगू तुम्हाला... दुपारपर्यंत आमच्या अख्ख्या वाडीत झालं. माझ्याशिवाय सगळ्यांना खात्री! मी सासूबाईंना म्हटलं, "अहो, तसं काही नाही, तो चोकमधला करंट आहे." तर हसल्या. "लाजतेय!" म्हणाल्या. ट्रंकेतून जुनी मऊ लुगडी काढून दुपटी शिवायला बसल्या. आणि डोळ्यांत पाणी हो त्यांच्या... त्या दुपट्यांकडे बघून माझ्याच्यानं पुन्हा बोलवेना. मला कळशी उचलू देत नाहीत, पाटा-वरवंटा बंद, जिना चढताना "सावकाश!" म्हणून चार घरांतून ओरडा. आणि काम काय दिलं? "तू आता हलकं काहीतरी कर बाई. झाडांना पाणी घाल."

मी बोलले का? नाही बोलले! पाणी घातलं. हात झटकला. "बघा, बघा, आल्या झिणझिण्या!" राधाबाई टाळ्या पिटतात! मी जीव मुठीत धरून उभी, आणि ह्या बारशाची नावं काढतायत!

मग आलं चैत्रागौरीचं हळदीकुंकू. मामंजींनी ठरवलं, गौर मांडायची ती रॅकच्या पुढ्यात, मागे सगळी फर्न, वर ट्यूबलाईटचा लखलखाट. "रूपर्टची बायको मार्गारेट येणार आहे, जाऊन सांगू दे नवऱ्याला!" खोलीत बायकाच बायका, पन्ह्याचं पातेलं, आंब्याच्या डाळीची परात, फरशी नुकतीच पुसलेली, ओली. आणि मामंजींच्या लक्षात आलं, की वरच्या फळीवरची एक कुंडी वाकडी दिसतेय. निघाले. खट्, खट्... आणि गौरीसमोर आले म्हणून, देवीपुढे पायात कसं ठेवायचं म्हणून, त्यांनी काय केलं?

खडावा काढल्या.

मी पाहिलं. ओल्या फरशीवर अनवाणी पाय. एक हात निघाला रॅककडे. आणि तुम्हाला सांगते, मला लागतो तो शॉक चोविशीतल्या पोरीला, ह्यांना साठी उलटलेली! मी ओरडले, "मामंजी, हात नका लावू!" तर अख्खी खोली माझ्याकडे वळली, नवी सून ओरडली म्हणून! आणि मामंजींनी हात लावला.

"आईऽऽ गंऽऽ!"

हात फेकला गेला म्हणून वाचले हो, चिकटला असता तर... नाही, ते नको. मागच्या मागे गेले ते आंब्याच्या डाळीच्या परातीत बसले. बायका किंचाळल्या, कुणी म्हणे गौर कोपली, कुणी म्हणे पाणी शिंपडा. पाणी! मी पदर खोचला, धावले, आणि दाराशेजारचा मेन खट्कन खाली ओढला. मिट्ट काळोख.

"कुणी बंद केला दिवा?" काळोखातून मामंजी.

"मी."

"लाव आधी! पाहुण्या आल्यायत!"

आणि तेव्हा काय झालं मला कोण जाणे, इतके दिवस गिळलेलं सगळं घशाशी आलं. मेनला पाठ लावून उभी राहिले आणि मूठ वर करून, ह्यांच्याच चालीवर, ओरडले, "अर्थिंगसह वायरिंग, झालंच पाहिजे!"

आणि गंमत सांगू? दारातून ह्यांचा आवाज आला. सवय हो, दुसरं काय! "झालंच पाहिजे!" आणि मागोमाग वाडीतल्या दोन-चार पोरांचाही!

झालं. करून घेतलं मी. मेन बंद ठेवून, मी सांगतेय आणि हे करतायत. चोक रॅकवरून काढले, वर भिंतीवर नेले, पाण्याच्या वाटेतून लांब. प्रत्येकावर पत्र्याची भोकांची पेटी, हवा जाईल पण बोट जाणार नाही. चिंध्या काढून चिनीमातीचे कनेक्टर. बटण परतीच्या, न्यूट्रल तारेवर होतं ते जिवंत तारेवर आणलं. रॅकला अन् पेट्यांना अर्थ. शेवटी मेन लावला, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहिले, टेस्टर रॅकला लावून बघितला, आणि मग सगळ्यांदेखत पंजा ठेवला. काही नाही! मामंजी कोपऱ्यात बसून बघत होते. दुसऱ्या दिवशी मार्गारेटला सांगताना ऐकलं, "मला पहिल्यापासून संशय होताच."

मी बोलले का? नाही बोलले. म्हटलं, घेऊ देत श्रेय, माझा हात तर वाचला.

आता सकाळी पाणी घालते, झिणझिण्या नाहीत, गरगरत नाही. राधाबाई रोज येऊन विचारत होत्या, "आज?" "नाही हो." "आज?" "नाही." मग त्यांचं येणं कमी झालं. वाडीतल्या बायका माझ्याकडे बघून हळू बोलतात. काल सासूबाईंनी दुपट्यांची घडी घातली, ट्रंकेत खाली ठेवली, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या. मी जवळ बसले होते. म्हटलं, आता तरी ह्यांना कळलं असेल. तर सुस्कारा टाकून, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या,

"उगीच दुरुस्त केलंस गं ते. चांगलं चाललं होतं."

मी बोलले का?