विरघळणारा दोरा आणि माझ्या सदऱ्याचं बटण

आदरणीय अध्यक्ष महोदय, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई, त्यांच्या शेजारी बसलेले शस्त्रक्रिया करणारे डॉक्टरसाहेब, माझे सोबती, आणि पहिल्या रांगेतून 'आटपा आता' अशी खूण करणाऱ्या माझ्या सौभाग्यवती,

आत्ता माझं इतकं कौतुक झालं की मी दोनदा मागे वळून पाहिलं, हा गृहस्थ कोण म्हणून! मी केलं काय? यंत्रातून पॉलिमरचा दोरा ओढला. शरीर ज्याच्यावर रुसत नाही, जखम भरेपर्यंत जो धरून ठेवतो आणि मग आतल्या आत विरघळतो, असा टाक्यांचा दोरा. ही विद्या सगळी बाईंकडून ऐकलेली. पाहुण्यांना मात्र अशा थाटात सांगायचो, जणू शोध माझाच.

मग गेल्या वर्षी हिच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. ही म्हणाली, "घरात एक बटण धड लावता येत नाही, आणि यांच्या दोऱ्याने माझं पोट शिवणार? जखम भरायच्या आधीच विरघळला तर?"

मी हसलो खरा, पण आतून टरकलो. धीर यावा म्हणून डॉक्टरांनी दोऱ्याचं सीलबंद पाकीट हातात दिलं. आता आमच्या खात्यातला माणूस हातात दोरा आला की काय करतो? बोटांना गुंडाळून ताणतो! मी पाकीट टरकन फाडलं आणि ताणला की हो! डॉक्टर म्हणाले, "काका, हा निर्जंतुक होता. आता याने सदऱ्याला बटण लावा."

मी लावलं.

ही घरी आली. शिंक हिला यायची, पोट मी धरायचो. बरेच महिने असे गेले आणि एका सकाळी सदऱ्याचं ते बटण टपकन पडलं. बटण मुठीत, हिला सोबत, आणि थेट दवाखाना. "डॉक्टर, टाके सुटले!"

त्यांनी हिचं पोट नीट तपासलं. "काका, जखम केव्हाच भरलीय. आतला दोराही गेला असेल. त्याचं काम संपलं, तो गेला. आणि सदरा इतक्यांदा गरम पाण्यात धुतलात, तर बटण राहील कसं?"

ही घरी येईपर्यंत हसत होती. पोट धरून, अगदी बिनधास्त.

बाई, डॉक्टर, सोबत्यांनो, तुम्ही मला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, तसंच हे वेडंवाकडं बोलणंही घ्या. मनापासून आभार. आणि हा पुष्पगुच्छ मघापासून छातीशी का धरलाय म्हणाल, तर सदरा तोच आहे. साध्या दोऱ्याने बटण लावतो म्हटलं, तर ही म्हणते, "राहू द्या हो. ती जागा दिसली की मला बरं वाटतं."