सित्सेचं नाव लावलेला कृमी

सन्माननीय अध्यक्ष ओस्टिंगसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, द्रेंथेहून गाजराची कामं टाकून आलेले शेतकरी बंधुभगिनी, आणि जिला निरोप द्यायला माझी जीभ रेटत नाही ती आज निवृत्त होणारी आमची फ्राउक्ये,

मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींच्या जाती ओळखण्यात हिची हयात गेली. मादीच्या मागच्या टोकाचा कणभर तुकडा कापायचा आणि त्यावरच्या रेषा अंगठ्याच्या ठशासारख्या वाचायच्या. आम्ही श्वास रोखून कापायचो, ही गप्पा मारत कापायची.

सित्से हिचा धाकटा भाऊ. त्याच्याच शेतातल्या गाजरांत हिला एक निराळा कृमी सापडला. त्यावरचा निबंध छापून येण्याआधीच सित्से आजारात गेला. फ्राउक्येनं त्या कृमीला त्याचं नाव दिलं, सित्सेई. आमच्यात हा मोठा मान. ती म्हणायची, “असता तर बोलला असता, ‘ताई, एखादं फूल नव्हतं का मिळालं?’” वृद्धाश्रमात त्यांची आई मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला हे कौतुकानं सांगे.

यंदा आमच्या प्रयोगशाळेतल्या तरुण ब्रामनं त्या कृमीची जनुकं तपासली. सित्सेई निराळा नव्हताच. दुसऱ्या कुणी फार पूर्वी नाव दिलेलीच ती जात. अशा वेळी जुनं नाव राहतं, नवं बुडतं. ब्राम बिचारा म्हणाला, “तुम्ही निवृत्त झाल्यावर छापू या.”

फ्राउक्येनं जुन्या काचपट्ट्या काढून पुन्हा पाहिल्या. मग म्हणाली, “मला तो निराळा हवा होता रे, म्हणून निराळा दिसला. आत्ताच छाप. सित्सेई ते खात नाही असं समजून लोक या वसंतात भलतंच पीक पेरतील, आणि तो तेही खाईल.” निबंधावर तिनं ब्रामच्या नावाखाली स्वतःचं नाव घातलं. एवढं धैर्य आपल्यापैकी किती जणांत आहे? माझ्यात नाही.

राहिली आई. गेल्या रविवारी फ्राउक्ये तिला सांगायला गेली, मी सोबत होतो. म्हातारीनं सगळं ऐकलं. कपातली कॉफी ढवळत राहिली. मग विचारलं, “म्हणजे आपला सित्से पुन्हा गेला का गं?”

फ्राउक्ये म्हणाली, “हो, आई.”

मित्रहो, यापुढे मला बोलवत नाही. आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि फ्राउक्ये, सर्वांसमोर हे सांगितलं, त्याबद्दल तूही मला माफ कर.