हत्तीचा घसा बसला

अवं ताई, माझ्या पोरीला टीव्हीच्या पाया पडायला कुणी शिकवलं, असं वरडतच मनीषा अंगणवाडीच्या दारात आली, आन तिचा आवाज म्हंजे काय सांगू तुम्हाला, ती इथं आमच्या ईट गावात वरडली तर भूमच्या स्टँडवर माणसं पिशव्या उचलून उभी राहत्यात. घरी टीव्ही लागला की ईश्वरी चपला काढती, हात जोडती, आजाला बी जोडायला लावती, म्हणली. सोमवारपासून माझी पोरगी व्हॅननं इंग्रजी शाळंत जाणार, तिथं टीव्हीवर शिकवत्यात, त्याला पुजत न्हाईत.

बोलली आन गेली. आमची मदतनीस सिंधूताई खिचडी ढवळायची थांबली. मनीषा म्हंजे आमच्या गल्लीची पुढारीन, ती ज्या दुकानात साडी घेती तिथंच समद्या घेत्यात. तिची चार वर्साची पोरगी व्हॅनमधी बसली की मागनं निम्मी गल्ली बसणार, मग रिकामी अंगणवाडी कोण चालू ठिवतंय. ताई, आपलं कसं व्हायचं, सिंधूताई म्हणली. म्या म्हणलं, खिचडी लागंल खाली, ढवळा.

माझं माहेर येरमाळ्याचं, येडाई देवीच्या डोंगराखालचं. दहावी पास झाले तर आमच्या बापानं हायवेवरचे ट्रक थांबवून पेढे वाटले, हैदराबादपतोर माझी दहावी पोचली असंल. लगीन होऊन ईटला आले, आन ह्या अंगणवाडीला अठरा वर्सं झाली. आज पारावर मिशीला पीळ देऊन बसत्यात ना, त्यातल्या कैकांचा शेंबूड म्या पुसलाय. मी खोटं बोलत न्हाय, शप्पत, लागंल तेवढंच बोलते.

आता त्या टीव्हीचं. तालुक्याच्या ऑफिसातनं आला तवा केवढा, दारातनं आडवा करून आत घेतला. नवी वस्तू म्हणल्यावर हळदी-कुंकू, हार, नारळ आलंच की. सिंधूताईनं नारळ असा आपटला की अर्धं पाणी माझ्या पदरावर आन अर्धं टीव्हीच्या मागल्या जाळीत. लावला, तर चित्रं दिसत्यात, आवाज न्हाय. आमी दोघींनी एकमेकीकडं बघितलं. मग म्या त्याच्यावर खणाचं कापड टाकलं, वरून हार घातला आन पोरांना सांगितलं, ह्यो देव हाय, हात लावायचा न्हाय, लांबून पाया पडायचं. मला काय ठावं, घरी जाऊन बी पडतील म्हणून.

मनीषा गेली आन माझं डोकं फिरलं. म्हणलं, जायचंच हाय तर एकदा बघू द्या पोरांना. कापड काढलं, टीव्ही लावला. पडद्यावर नदी, नदीला हत्ती, पुढं मगर. दोघांची तोंडं हालत्यात, आवाज कुठला. बावीस पोरं हात जोडून गप, अशी गप की एकाच्या तोंडात माशी जाऊन हिंडून भाईर आली. तवा ईश्वरीनं इचारलं, बाई, हत्ती का बोलंना? आता हिला काय नारळाचं सांगू? म्या म्हणलं, त्याचा घसा बसलाय गं, तूच बोल त्याच्या वतीनं.

पोरगी उठली. म्हणली, ए मगरे, सरक, मला पाणी पिऊ दे, सकाळधरनं पवनचक्क्या मोजतोय. दुसरं पोरगं मगर झालं, म्हणलं, पाणी न्हाय, टँकर आल्यावर ये. मग काय, वर्सभर ज्यांचा शब्द ऐकला नव्हता ती पोरं बी बोलाया लागली, पत्रं उडत्यात का काय असं झालं. म्या फोनमधी इडिओ काढला आन आयांच्या ग्रुपवर टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी खिडकीला आया, दाराला आया. मनीषा बी आली, मागं उभी, हाताची घडी घालून. त्या दिवशी ईश्वरी मगर झाली, आन मगर हत्तीला आईच्याच आवाजात म्हणती, जेवायला वाढलंय, जेवताय का फोनच खाताय? समद्या आया मनीषाकडं वळल्या. तिनं पदर तोंडात कोंबला आन निघून गेली. सिंधूताई म्हणली, गेली बघा हातची. 

मागनं भूमचा एक मेकॅनिक आला, त्यानं जाळी पुसली, आवाज सुरू केला. पोरंच म्हणत्यात, बाई, बंद करा, आमाला बोलायचंय. आता मी इडिओ गावातलेच काढते, म्हस, पिठाची गिरण, बाजारातली कोंबडी, आन ते मुके करून पोरांपुढं लावते. दुसऱ्या गावच्या सेविका बघायला येत्यात, इचारत्यात, कुठं शिकलात. म्या म्हणते, ट्रेनिंग झालंय. पर खरं सांगू, मला ह्या पोरांनी शिकवलं, आन येडाई त्यांचं भलं करो, सिंधूताईच्या त्या नारळ फोडणाऱ्या हाताचं बी करो, मनीषाचं तर लईच करो, ती वरडली नसती तर कापड आजूनबी त्या टीव्हीवरच असतं.

व्हय, सोमवारचं राहिलंच. व्हॅननं गल्लीच्या तोंडाला हारन दिला, मी दारात हुबी. इतक्यात मनीषा ईश्वरीचा हात धरून समोरनं आली, माझ्याकडं न बघता पोरीला आत सोडलं. म्या लई गोड आवाजात म्हणलं, मनीषा, व्हॅन आली व्हती की गं.

आली व्हती, गेली, म्हणली.